सरांच्या दाराबाहेरचे स्निकर्स

सरांच्या केबिनबाहेर आज स्निकर्सचा एक जोड दिसला. नवे, पांढरे, नाड्या सोडून भिंतीला नीट लावून ठेवलेले. आत पहिल्या वर्षाची एक मुलगी नुसत्या मोज्यांवर उभी होती. "अरे, देऊळ आहे का हे?" एक मुलगा मित्राला म्हणाला आणि दोघं हसले.

दोन वर्षांपूर्वी मीही तिथेच बूट काढले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मोठ्या माणसाच्या दारात पायातलं काढायचं, एवढंच ठाऊक होतं. तेव्हाही असंच कुणी हसलं.

सुट्टीत गावी गेले की शेजारच्या काकू हाक मारायच्या, "ये गं आत, चहा टाकते." पूर्वी मी चपला भिरकावून थेट स्वयंपाकघरात शिरायचे. आता पायातल्या बुटांच्या नाड्यांकडे बघते आणि म्हणते, "नको काकू, इथूनच बोलते." आळस की आणखी काही, मलाही नीट सांगता येत नाही. मागच्या खेपेला त्यांनी आत बोलावलंच नाही.

ती मुलगी बाहेर आली. हसणारे चेहरे बघून खाली वाकली. मला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. तिने नाड्या करकचून आवळल्या, पुन्हा कधी सोडायच्याच नाहीत अशा.