वेलदोड्याचा वास

आईनं लग्नाआधी बाबांना एकच प्रश्न विचारला होता. पाहायला आलेल्या मंडळींसमोर पोह्यांची बशी पुढे करत तिनं सरळ विचारलं, तुम्ही दारू पिता का. आजीला म्हणे ठसका लागला. बाबा म्हणाले, "मी चहासुद्धा बेतानंच घेतो." यातलं चहाचं साफ खोटं होतं, चहा ते वाटेल तेवढा पीत. दारूचं खरं होतं आणि आईला तेवढंच हवं होतं.

आईचं माहेर मुठेकाठचं. आता ते गाव महापालिकेत गेलंय आणि उसाच्या जागी इमारती उभ्या आहेत. तिचे वडील मोठे बागायतदार, बोलायला गोड, आणि दारूपुढे हतबल. शेवटी त्यांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं आणि आई शाळेत असतानाच ते गेले. सिरोसिस हा शब्द तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पिऊन घरी येताना ते तोंडात वेलदोडा ठेवत. दाराशी तो वास आला की घरातल्या बायका ताटं झाकून गप्प बसत.

म्हणून आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये वेलदोडा कधी आलाच नाही. आईचा शिरा जायफळाचा, श्रीखंड केशराचं, आणि चहात आलं. बाबा मूळचे नारायण पेठेतले, गोडाचे शौकीन, पण लग्नानंतर त्यांनी या बाबतीत कधी चकार शब्द काढला नाही. मला याचं कारण कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर मला वाटायचं, वेलदोडा महाग म्हणून आणत नसतील.

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर व्हायच्या सुमारास कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली, त्यात सोनोग्राफीवाल्याला त्यांच्या यकृतात चरबी दिसली. मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आई आणि मी बरोबर गेलो. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात कुणाचं काही दुखलं तर मला न्यायचं अशी पद्धत पडली आहे. माझा अभ्यास बेडकाच्या पचनसंस्थेपलीकडे फारसा नाही, हे कुणी ऐकून घेत नाही.

पूर्वी यकृतात व्रण आहेत का हे बघायला सुई घालून तुकडा काढावा लागे. आता बरगड्यांवर एक यंत्र टेकवतात आणि यकृत किती कडक झालंय ते बाहेरूनच कळतं. आंबा पिकलाय का हे आपण दाबून बघतो, तसंच काहीसं. बाबांचा आंबा कडक निघाला. डॉक्टर म्हणाले, नुसती चरबी असती तर एवढी काळजी नव्हती, पण हिच्यामुळे व्रण पडायला लागलेत. असंच चालू राहिलं तर सिरोसिस होऊ शकतो.

तो शब्द ऐकला आणि आईचा चेहरा बदलला. डॉक्टर पुढे विचारत होते. गोड खाता का? बाबा छताकडे बघून म्हणाले, सणासुदीला. तळलेलं? क्वचित. दारू? नाही. शेवटचं उत्तर त्यांनी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून दिलं होतं. पण आईला पहिल्या दोन उत्तरांतच काहीतरी लपवलेलं जाणवलं होतं, आणि तिच्या दृष्टीनं लपवण्यासारखी गोष्ट जगात एकच होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर. या नावाचा मला आजही राग येतो. माणसाला झालेल्या आजाराचं नाव त्यानं जे केलंच नाही त्यावरून ठेवायचं, ही कुठली रीत? त्यात सुरुवातीचा 'नॉन' कुणाच्या कानावर पडत नाही. लोकांना ऐकू येतं 'अल्कोहोलिक', नाहीतर 'लिव्हर', आणि आपल्याकडे दोन्हींचा अर्थ एकच. आजाराला नाव ठेवणाऱ्यांनी त्या माणसालाच नावं ठेवायची सोय करून दिली होती.

खाली रिक्षाची वाट बघत होतो. आई पेठेत आल्यापासून पेठेतलं मराठी बोलते, गावाकडची बोली तिनं माहेरीच ठेवली. त्या दिवशी ती बोली परत आली. बाबांकडे न बघता ती म्हणाली, "कवापासून?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. दुकानदारानं सुटे नाहीत म्हटलं तर तासभर वाद घालू शकणारा हा माणूस, त्या एका शब्दापुढे गप्प उभा राहिला. पुढे मी त्यांना विचारलं, सरळ 'घेत नाही' असं का नाही सांगितलं? ते म्हणाले, "उत्तर दिलं की प्रश्न मान्य केल्यासारखं होतं." मानी माणूस. मला त्यांचा राग आला, आणि आईचाही.

मी आईला फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. साखर जास्त झाली की यकृत तिची चरबी करून साठवतं. यात दारूचा संबंध नसतो. नवीन संशोधन सांगतं की आपल्याकडच्या बारीक माणसांनाही हे होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि "असेल" म्हणाली. पुण्यात 'असेल' म्हणजे 'नाही'. खालच्या मजल्यावरचे काका तर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असू दे, आम्ही कुणाला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

आईनं बाबांचं पथ्य मात्र जिवापाड सांभाळलं. साखर बंद, ज्वारीची भाकरी, रोज नदीकाठानं चालणं. डॉक्टर म्हणाले, बिनदुधाची कॉफी यकृताला चांगली दिसते आहे, तर चहाच्या घरात कॉफी आली. बाबा तिला काढा म्हणत आणि तोंड वाकडं करून पीत. आई समोर उभी राहून कप रिकामा झाल्याची खात्री करायची. एवढी काळजी घेणारी बाई त्या माणसाशी जेमतेम बोलत होती.

शनिवारी संध्याकाळी बाबा शनिवार पेठेत मित्राकडे पत्ते खेळायला जात, ते कित्येक वर्षांपासून. पथ्य सुरू झाल्यावरही ते गेलेच. पूर्वी ते आई झोपल्यावर आपल्या किल्लीनं आत येत; आता ती जागी राहून दार उघडायला स्वतः जायची. कधी कधी मग रविवारभर ती मुकी असायची. मी खोदून विचारलं तेव्हा तिनं आधी मला शपथ घातली, बाबांना बोलायचं नाही म्हणून, आणि मग सांगितलं, "त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येतो. माझ्या बापाच्या यायचा तसा."

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, अगं, पान खाल्लं असेल. ती म्हणाली, पानाचा वास मला कळतो. शपथेमुळे माझं तोंड बंद होतं. शपथ नसती तरी विचारून काही उपयोग झाला असता असंही नाही, कारण बाबांकडून सरळ उत्तर मिळण्याची आशा मला नव्हतीच. त्या दोघांच्या मधे मी अशी बसले होते की कुठूनही उठता येईना.

हळूहळू बाबांचं वजन उतरलं. यकृत हा क्षमाशील अवयव आहे, असं मी वर्गात सांगते, मुलं ते परीक्षेत लिहीत नाहीत. वेळेवर सावरलं तर ते स्वतःची डागडुजी करून घेतं, पडलेले व्रणसुद्धा काही प्रमाणात भरून निघतात. हे पूर्वी अशक्य मानत, आता यंत्रावर दिसतं. बाबांचा आकडा दर तपासणीला खाली येत गेला आणि एकदा डॉक्टरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं स्वयंपाकघरात मला जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोडली वाटतं," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. यकृत सुधारलं आणि बाबांची बदनामी कायमची झाली.

मग अनेक वर्षं तशीच गेली. गेल्या वर्षी आईच्या पोटात कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे होतेच, पण यकृतात चरबीही होती. आई सडपातळ, गुरुवार आणि चतुर्थी कडक पाळणारी. यंत्र लावलं, आकडा थोडा जास्त आला. या वेळी डॉक्टर तरुण मुलगी होती. आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो.

तिनं उपासाला काय खाता विचारलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. डॉक्टर लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, काकू, याला आपण उपास म्हणतो? बाबा खिडकीकडे वळून हसले. मग डॉक्टरनं विचारलं, "दारू?"

"मी?" आई खुर्चीतून अर्धी उठली. डॉक्टर म्हणाली, सगळ्यांना विचारावंच लागतं, मनाला लावून घेऊ नका. मग तिनं सांगितलं की या आजाराचं नाव आता बदललं आहे. जगभरच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून त्यातून दारूचा शब्दच काढून टाकला, कारण त्या नावानं लोकांची मान उगाच खाली जात होती. आता त्याला चयापचयाच्या बिघाडाचं नाव आहे. औषधंही येऊ लागली आहेत, पण तुम्हाला आधी चालणं आणि आहारच पुरे. "न पिणाऱ्या कितीतरी लोकांना हे होतं," ती म्हणाली. "यात तुमची काही चूक नाही."

आई टेबलाच्या कडेकडे बघत होती. हेच मी तिला किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पण तेव्हा ते दुसऱ्याच्या यकृताबद्दल होतं.

तेवढ्यात बाबा तिच्याकडे झुकले. अख्ख्या आयुष्यात पेठेबाहेरचं मराठी न बोललेला हा माणूस हळूच म्हणाला, "कवापासून?"

डॉक्टरला काही कळलं नाही. आईला कळलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. पदर तोंडाला लावून ती बसून राहिली. बाबांना वाटलं होतं ती चिडेल, आणि ते भांडणाच्या तयारीत होते. ती रडते आहे हे दिसल्यावर त्यांचं अवसानच गळालं. आपण नको ते बोललो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बाहेर लिफ्टशेजारच्या बाकावर आम्ही बसलो. मग आई म्हणाली, "आणि तो वेलदोडा?"

बाबा दचकले. तिला वास येत होता हे त्यांना माहीतच नव्हतं. मग ते जमिनीकडे बघत सांगू लागले. मित्राच्या घराखाली डेअरी आहे. शनिवारी तिथली बासुंदी यायची, वेलदोडा घातलेली. आधी दर शनिवारी, वाट्यामागून वाट्या. पथ्य लागल्यावर कधीतरी, चमचाभर. यकृताची वाट त्या बासुंदीनंच लावली असणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं.

"मग सांगायचं ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"हिला सांगू?" बाबा म्हणाले. "हिच्या घरात वेलदोड्याचं नाव काढू?"

इतकी वर्षं आई दारात उभी राहून ज्या वासाला भ्यायली, तो बासुंदीचा होता. आणि हा माणूस तो वास तिच्यापासून लपवत होता, तिला बाप आठवू नये म्हणून. मला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलेल.

तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "चांगली असायची का?"

"फार," बाबा म्हणाले.