रुपाली मॅडम अन् मारुतीचे रोडगे

वडनेर भोलजीच्या शाळेत रुपाली मॅडम आल्या तेव्हा गावाला कळेचना, या शिकवतात तरी काय? ना गणित, ना इंग्रजी. पोरांच्या मनातलं ऐकायचं, अन् त्याचा पगार! "आमी त फुकटात ऐकतो," बायका म्हणायच्या. मॅडमही हसायच्या. खेळाच्या सामानाची खोली झाडून त्यांनी आपली केली आणि पोरांसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. हात गुंतले की पोरं बोलतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

अकरावीतली अपेक्षा अशीच बोलती झाली. लेझमात सगळ्यांच्या पुढं नाचणारी पोरगी, आता तिला वेणीसुद्धा जड झालेली. "मॅडम, सकाळी उठूच नये वाटते."

"मरावं वाटते का?" मॅडमनी सरळ विचारलं.

"कधी कधी."

मॅडम तशाच तिला घेऊन घरी गेल्या. "हा आजार आहे. पोरीला एकटं सोडू नका. उद्याच खामगावला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ."

आजोबा हिंमतराव उसळले. "माही नात येडी हाय का? उद्या मारुतीले रोडगे कबूल केले म्या. गाव जेवलं का पोरगी हसतेच!"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, देवळापुढं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी रटरटली. अपेक्षाला पहिल्या पंगतीत बसवलं. मग काय! जो येई तो विचारी, "काऊन वं अशी वाळली?" कुणी अंगारा लावला, एकीनं तर स्थळही सुचवलं. लक्ष राहावं म्हणून मॅडमही वाढायला आल्या होत्या. वरणाची बादली घेऊन शेवटच्या पानावरून वळल्या, तर अपेक्षाची जागा रिकामी!

एकच पळापळ. लोक विहिरीकडं धावले, मॅडम शाळेकडं. पोरगी त्यांच्या बंद खोलीच्या पायरीवर बसलेली.

"तिथं जीव घुसमटला, मॅडम. मले दवाखान्यात न्या."

मॅडमना रडावं की नाचावं कळेना. स्वतःच्या पायानं आली होती पोरगी!

मागून हिंमतराव धापा टाकत पोचले.

"आबा, गाडी बोलवा," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर संध्याकाळपर्यंत आहेत."

"आन पंगत? नवस माहा हाय, मीच वाढाले पायजे!"

"मारुती थांबन, आबा," अपेक्षा म्हणाली. "माह्यानं आता थांबनं नाही होत."

म्हाताऱ्यानं उपरण्यानं तिचे डोळे पुसले आणि शेजारच्या गोकुळला अशी हाक मारली की अर्ध्या गावानं ऐकली. "गोकुळ्या, गाडी काढ बे! पंगतीचं पाहातीन बाकीचे!"

खामगावात नंबर लागला तसे आबाही आत जायला उठले.

"तुमी बाहेर बसा. मीच सांगीन," अपेक्षा म्हणाली.

गावात कुणाचं न ऐकणारे हिंमतराव गुमान बाकावर बसले. थोड्या वेळानं मॅडमकडं झुकले. "काय सांगत असन मॅडम, पोरगी?"

"तिचं तिला सांगू द्या, आबा."

दाराआडून बराच वेळ आवाज येत राहिला. जास्त करून अपेक्षाचाच.