रेडिओचा डावा हात

भूममध्ये आमच्या अडत दुकानामागच्या खोलीत मी जी पेटी उभी केली, तिच्यासारखी दुसरी निजामाच्या सगळ्या राज्यात नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. कुणाला फुशारकी वाटली तर वाटू द्या. फळ्या मी कापल्या, रंधा मी मारला, बोटं माझी सोलली. मग सांगायचं काय शेजाऱ्यानं?

पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट. गावात वीज नव्हती. आमचा रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या इंजिनावर भरून आणावी लागायची. तो रेडिओ मी माझ्या हौसेसाठी घेतला नव्हता, आप्पांसाठी घेतला होता. आप्पा म्हणजे माझे वडील. दिवसभर दुकानात जवारी मोजायची आणि सोमवारी मठातल्या भजनात पखवाज वाजवायचा, असा त्यांचा सगळा जन्म गेला. डाव्या हाताची थाप पडली की बसल्याजागी पोटात घुमायचं. आणि नेमका त्यांचा डावा हातच लकव्यानं गेला. पखवाज खुंटीला लागला. मठ सुटला. हळूहळू बोलणंही सुटलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, कुणी न्हाय म्हटलं तर तसेच. जिता माणूस डोळ्यांदेखत विझत चाललेला मला बघवत नव्हता.

म्हणून रेडिओ आणला. संध्याकाळी मुंबईचं भजन लागलं. आप्पांनी मान वळवली, मला वाटलं जमलं. पण क्षणभर ऐकून म्हणाले, "ह्याचाबी डावा हात गेलाय व्हय? बंद कर ते." आणि पुन्हा भिंतीकडं तोंड.

माझं डोकंच सणकलं. आप्पांवर नव्हे, त्या रेडिओवर. पण त्यांचं खरंच होतं. रेडिओतला स्पीकर बशीएवढा. टाळ, बाजाची पेटी, गाणाऱ्याचा गळा, सगळं त्यातून यायचं. पखवाजाची उजवी बाजूही टणटणायची. डाव्या बाजूचा खर्ज मात्र औषधालासुद्धा नाही. मी बायकोला म्हणालो, "ह्या रेडिओला डावा हात लावून दाखवला न्हाय तर बापाचं नाव सांगणार न्हाय." ती म्हणाली, "आधी जेवा, मग शपथा घ्या."

येरमाळ्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्या मालकाच्या मागं लागून एक जादा पडलेला स्पीकर मिळवला. परातीएवढा कागदी पडदा आणि मागं उचलता न येणारा लोहचुंबक. घरी आणून जोडला तर काय सांगू! बॅटरी तीच, रेडिओ तोच, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. फक्त खर्ज अजून नव्हता. एका लहान खोक्यात बसवून बघितला, तर नरडं दाबल्यासारखा बोलायला लागला.

मग मी पखवाजवाल्याच्या पोरानं करावा असाच गाढवपणा केला. पखवाजाचा डावा आवाज खाली आणायला चामड्यावर कणीक थापतात, हे लहानपणापासून बघत आलो होतो. बायकोकडून ओली कणीक मागून घेतली आणि स्पीकरच्या पडद्यावर मधोमध थापली. आवाज थोडा खाली गेला, खोटं कशाला बोलू. पण इतका बारीक झाला की वाकळ पांघरून कुणी पुटपुटतंय असं वाटावं. बॅटरीची ताकद ती केवढी, त्यात पडद्याला ओझं उचलायला लावलेलं! कणीक काढताना कागदाचा पापुद्राही निघाला. मी शिव्या घालत होतो, तेव्हा आतून आप्पा म्हणाले, "कणकेनं डावा हात परत येत असता, तर म्या माझ्याच हाताला लावली असती की रं."

मी परसात जाऊन बसलो. रडू आलं, कशाला लपवू?

तिथंच बायको रिकामा रांजण घासत होती. अर्धी आत वाकलेली. तिथूनच मला बोल लावत होती, कणीक वाया घालवली म्हणून. पण तो आवाज! घरात चिमणीसारखी बोलणारी बाई रांजणातून पोलीस पाटलासारखी घुमत होती. मी ओरडलो, "अगं, पुन्हा बोल!" ती बाहेर आली. "आता काय झालं?" "शिव्या दे, पण रांजणात तोंड घालून दे!" तिला वाटलं, बापाचा हात गेला, आता पोराचं डोकं गेलं.

मी तांब्यावर फुंकर मारून बघितली, घागरीवर मारली, रांजणावर मारली. भांडं जेवढं मोठं, तेवढा आवाज खाली. रांजणाला ना ओझं लावलेलं, ना ताकद. त्याच्या पोटात नुसती जागा. मी उलटंच करत बसलो होतो. ताकद थोडी असेल तर तिच्या डोक्यावर ओझं ठेवायचं नसतं, तिला ऐसपैस जागा द्यायची असते.

दुकानाचा माळा करायला सागाच्या जाड फळ्या आणल्या होत्या, त्या घेतल्या. माझ्या छातीएवढी उंच, दोन माणसं आत बसतील अशी पेटी केली. गल्लीतले येऊन विचारायचे, "कोठी का हो जवारीची?" मी म्हणायचो, "व्हय, तुमच्या अकलेची. भरायला काय मिळंना." फळ्या थरथरायच्या म्हणून आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या. आत सगळीकडं कापूस लावला. फाटक्या पडद्याला पातळ कागद चिकटवला. वर स्पीकर आणि खाली रांजणासारखं एक तोंड ठेवलं. तोंड लई मोठं झालं की आवाज सैल पडायचा, लहान झालं की गुदमरायचा. तोंडावर एक पट्टी लावून ती सरकवत, ऐकत, पुन्हा सरकवत मी ते जुळवलं. कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या कानांनी केलं.

मग एके संध्याकाळी मुंबईचं भजन लागलं. आप्पा आतल्या खोलीत, तोंड भिंतीकडंच. आधी टाळ, मग गळा. आणि मग पखवाजाची पहिली थाप पडली. फडताळातली भांडी वाजली. माझ्या तळपायांना जमीन थरथरलेली कळली. बायकोनं तोंडावर पदर धरला.

बाज करकरली. भिंतीला धरत धरत आप्पा दारात आले. मी हात द्यायला पुढं झालो तर मानेनंच नको म्हणाले. पेटीसमोर बसले आणि उजव्या हातानं लुळा डावा हात उचलून पेटीच्या फळीवर ठेवला. उजवा हात मांडीवर ताल धरायला लागला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

भजन संपलं. आप्पांनी फळीवरून एकदा उजवा हात फिरवला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "डावा बरा हाय ह्याचा."

आणि वर म्हणाले, "माझ्याएवढा न्हाय."

"न्हायच, आप्पा," मी म्हणालो.