शिवेवर थांबलेला रस्ता

परवा इंदिरानगरात आमच्या गल्लीत डांबर पडत होतं आणि त्या उग्र वासानं मला देवळ्याकडचं आमचं गाव आठवलं. निवडणुकीत गावानं एका पुढाऱ्याला मतं कमी दिली होती, म्हणून मंजूर झालेला रस्ता आमच्या शिवेवरच थांबला आणि रोडरोलर त्याच्या सासुरवाडीकडे वळला. वर्षभरात तिकडे व्यापाऱ्यांनी कांदा साठवायच्या चाळी बांधल्या, पेट्रोलपंप आला. आमच्याकडे मात्र चिखलात ट्रॅक्टर रुतायचे आणि कांदा घ्यायला कुणी फिरकायचं नाही. माझी काकू तेव्हा नुकतीच सरपंच झाली होती. मला सोबत घेऊन ती पुढाऱ्याच्या कार्यालयात गेली. तिथला माणूस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेला नीट मतदान करा, मग बघू." काकू म्हणाली, "मत आमचं हाय, भाऊ. रस्त्यापायी ते बदलणार नाय." पाऊस उघडल्यावर एका सकाळी तिनं स्वतः घमेलं उचललं. मागोमाग आम्ही बायका निघालो आणि दुपारपर्यंत ओशाळलेले पुरुषही आले. अकरा दिवस आम्ही खड्ड्यांत मुरूम भरून ठोकत होतो. माझे तळहात सोलून निघाले. बाराव्या दिवशी व्यापाऱ्याचा ट्रक थेट आमच्या घरच्या कांदाचाळीपर्यंत आला. ड्रायव्हरनं विचारलं, "कुणाच्या फंडातून केला रस्ता?" काकूनं त्याला फक्त आमचे हात दाखवले. आज मी सरकारी नोकरीत रस्त्यांच्या याद्या तपासते. एखाद्या गावाचं नाव खोडलेलं दिसलं, की कारण लेखी मागते आणि ते मिळेपर्यंत सही करत नाही.