शिडीच्या गाडीचा चौथा पाय

मी अग्निशमन दलात शिडीच्या गाडीवर आहे. आगीच्या ठिकाणी ती नीट उभी करायची, हे माझं काम. तिला चार लोखंडी पाय आहेत. शिडी वर नेण्याआधी ते बाहेर काढून जमिनीवर टेकवायचे आणि सगळा भार त्यांच्यावर घ्यायचा. एक जरी खचला तर शिडी आणि तिच्या टोकाच्या पाळण्यातली माणसं सगळीच आडवी. नवीन भरती झालेल्यांना हे मी फार तावातावानं शिकवतो. "वर तार बघा, खाली जमीन बघा." माझ्याइतक्या वेळा हे वाक्य जिल्ह्यात कोणी म्हटलं नसेल.

खरं सांगायचं तर तोवर आमची शिडी बहुतेकदा मैदानातच उभी राहिली होती, चुन्यानं आखलेल्या चौकोनात, पाहुण्यांसमोर. टाळ्या पडायच्या. टाळ्या ऐकून ऐकून मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो.

मग एका दुपारी पिपरी मेघेतल्या चार मजली इमारतीत जिन्याखालचे विजेचे मीटर पेटले. जिना धुरानं भरला. बाकी सगळे उतरले होते. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी तेवढे गुडघ्यांमुळे अडकले होते. तोंडाला पंचा लावून बाल्कनीत उभे होते आणि खोकत होते.

मी वर पाहिलं. विजेची तार होती. मोठ्या शहाणपणानं गाडी उजवीकडे वळवली आणि थेट अंगणात बसवलेल्या सिमेंटच्या नव्या गट्टूंवर घातली. गट्टू एकसारखे, सपाट, जणू माझ्यासाठीच आखलेले. खाली पाहायचं राहूनच गेलं. तीन पाय टेकले. चौथा सोडणार, तेवढ्यात तळमजल्यावरची एक बाई पुढे आली. गाउनवर ओढणी घेतलेली.

"भाऊ, तिथं पाय नका टेकवू. खाली संडासचं टाकं हाये."

"ताई, बाजूले व्हा. आमचं काम आमाले माहीत हाये."

"काम माहीत असन. टाकं कुठं माहीत हाये?"

मी चिडलो. वर माणूस गुदमरतोय आणि ही मला जमीन शिकवते! मी लिव्हरला हात घातला, तर ती सरळ त्या गट्टूंवर मांडी घालून बसली.

"ठेव मंग माह्यावर."

माझ्या सोबत्यानं लोखंडी सब्बल आणून तिच्या शेजारी आपटली. आवाज पोकळ आला. त्यानं एक गट्टू उचकटला. खाली बोटभर वाळू आणि वाळूखाली पातळ फरशी. मी लिव्हरवरचा हात काढला. पाळण्यात हाच सोबती चढणार होता.

पाय आवरून गाडी मागे घेतली, तार टाळून पलीकडच्या डांबरावर लावली. तेवढा सगळा वेळ गुरुजी वर खोकत होते. माझ्या शहाणपणाचं भाडं त्यांनी भरलं.

लाजेची गोष्ट पुढेच आहे. आमच्याकडच्या नव्या वस्त्यांत गटार नाही, दारापुढे टाकं आणि वर गट्टू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिंदी मेघेत माझ्या स्वतःच्या दारापुढे तेच आहे. आठवडाभरापूर्वी तिथं ट्रॅक्टर घालणाऱ्यावर मीच ओरडलो होतो, "काऊन रे, डोये फुटले का? खाली टाकं हाये ना!"

गुरुजी सुखरूप उतरले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होते म्हून वाचलो," म्हणाले. लोकांनी फोटो काढायला मला मध्ये उभं केलं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी छाती काढून उभा राहिलो.

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. माझ्या खांद्यामागे ती बाई दिसते, गाउनची धूळ झटकताना. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.