खडूने आखलेलं घर

टेलरबाईंना नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. नवरासुद्धा ‘अगं’वर भागवायचा. कुणाची पँट घट्ट झाली, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलं, कुणाच्या लेकीचा गणवेश आखूड झाला की लोकांचे पाय आपोआप बाईंच्या दाराकडे वळत. दार उघडलं की समोर खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, आणि मशीनमागे नाकाच्या शेंड्यावर चष्मा टेकवलेल्या बाई. बाकी खोलीत काय होतं म्हणाल, तर कपडे. खुर्च्यांवर कपडे, पलंगावर कपडे, दाराच्या कडीलाही कुणाचा तरी कोट. गिऱ्हाईक आलं की आधी ढीग उचलून त्याला जागा करून द्यावी लागे, आणि एकदा टेकलेलं गिऱ्हाईक गल्लीभरच्या बातम्या सांगून झाल्याशिवाय उठत नसे.

नवरा बस डेपोत होता. गाड्या वेळेवर सोडायचं काम, म्हणून लोक त्यांना कंट्रोलर म्हणत. डेपोत त्यांच्या शिट्टीवर गाड्या हलायच्या; घरात मात्र पंखा लावायचा तरी ते विचारून लावत, कापलेले तुकडे उडतील म्हणून. अत्यंत गरीब स्वभाव. बायकोने वाढलं ते खाल्लं, सांगितलं ते आणलं, असा संसार झालेला. त्यामुळे निवृत्ती तोंडावर आलेली असताना या माणसाने घराची मोडतोड करून सगळं नवं करायचा विषय काढला, तेव्हा बाईंना ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. कंट्रोलर एक दिवस चक्क ठेकेदारालाच घेऊन आले. बाई तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा घेर बसवत होत्या आणि त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. ठेकेदाराने भिंतीवर दोनदा टकटक केलं, डॉक्टर रोग्याच्या पाठीवर करतो तसं.

“ही मधली भिंत जाणार,” तो म्हणाला. “स्वयंपाकघर आणि ही खोली एक. इकडे लांबलचक ओटा, तिथे जेवायचं टेबल आणि खिडकीशी मस्त ऐसपैस सोफा.”

खिडकीशी! तिथे तर बाईंचं मशीन होतं. तोंडात टाचण्या असल्यामुळे चकार शब्द काढता येईना. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा लग्न ठरलेल्या पोरासारखा खुशीत मान डोलावत होता.

त्या दिवसापासून घरात भांडण सुरू झालं, आणि ते पैशांवरून सुरू झालं. नवरा-बायकोला पैसा हे भांडायला फार सोयीचं कारण असतं. खरं दुखणं त्याखाली छान झाकून ठेवता येतं.

“आयुष्यभराची पुंजी विटा-सिमेंटमध्ये घालणार? उद्या कुणी आजारी पडलं तर ओटा चाटायचा?” बाई म्हणत.

“आयुष्यात एकदा मागतोय गं,” कंट्रोलर म्हणत, आणि गप्प बसत.

गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. बाईंना एकच प्रश्न विचारायचा होता, की मला कुठे बसवणार? पण विचारण्याची छाती होईना. ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं तर पुढे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मशीनवर बसल्या की त्यांना वाटे, आपल्या खालची जमीन आधीच विकली गेली आहे. झोप उडाली. फोन वाजला की ठेकेदारच असणार अशी धास्ती वाटे. आणि एका दुपारी, जे त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं ते झालं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. त्या बाह्या मांडीवर घेऊन बाई रडल्या.

लेकीला फोन करून पाहिला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती.

“आई, बाबांनी कधी हौस केलीय का कसली? होऊ दे ना,” ती म्हणाली. “आणि तू तरी किती दिवस शिवत बसणार आहेस आता?”

म्हणजे दोघांचं आतून ठरलेलं दिसतंय, असं बाईंच्या मनाने घेतलं. एकदा मनाने घेतलं की माणूस पुरावे शोधत बसतो आणि ते सापडतातही.

भिंत पाडायला माणसं सोमवारी येणार होती. रविवारी सकाळी बाईंनी पदरचं शेवटचं हत्यार काढलं. ते हत्यार म्हणजे त्यांचा धंदाच.

“अहो, मी साधी बाहीसुद्धा ट्रायलशिवाय पक्की शिवत नाही. आधी कच्चे टाके, मग अंगात घालून बघायचं, मग पक्की शिलाई. तुम्ही तर अख्खं घर फाडायला निघालात. हा घ्या खडू. आखा जमिनीवर तुमचं नवं घर. आज दिवसभर त्यात राहून बघू.”

कंट्रोलरना कल्पना भलतीच आवडली. सामान कडेला सारून ते गुडघ्यांवर बसले आणि आखायला लागले. ओटा आला, टेबल आलं. मधली भिंत अजून उभी आहे हे विसरून रेघ ओढता ओढता एकदा तिच्यावरच जाऊन अडले आणि स्वतःशीच हसले. बाईंना हसू आलं नाही. त्या फक्त एका रेषेची वाट पाहत होत्या. शेवटी ती आलीच. सोफ्याचा चौकोन खिडकीखालून निघाला आणि मशीनच्या पायांभोवती फिरून बंद झाला.

“आणि हे?” बाईंनी मशीनवर हात ठेवला.

कंट्रोलर खडूने भरलेले हात झटकत राहिले. “ते माळ्यावर ठेवू. किती वर्षं पाठ मोडून घेशील? बस की जरा निवांत.”

“म्हणजे मला माळ्यावर टाकणार!” इतके दिवस तुंबलेलं सगळं फुटून बाहेर आलं. “निवांत बसून मी करू काय? तुमच्या सोफ्यावरची धूळ झटकू? या मशीनशिवाय मी कोण आहे हो या घरात? गल्लीत तरी कोण विचारतं मला?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे!” बाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी सगळ्या रेषा खसाखसा पुसून टाकल्या. मग खडू पुन्हा नवऱ्याच्या हातात कोंबला. “आता आहे तेच घर आखा. तुमची बसायची जागा दाखवा. तिला मी हात लावणार नाही, माझ्या जागेला तुम्ही लावू नका. मिटलं भांडण.”

सौदा सरळ होता. आपण जिंकलो, असं बाईंना वाटलं.

कंट्रोलर खडू घेऊन उठले. सांगितलेलं काम नीट करणारा माणूस. खुर्चीपाशी गेले; तिच्यावर गणवेशांचा ढीग होता. पलंगापाशी गेले, तिथे इस्त्रीचे कपडे. स्वयंपाकघरात डोकावले. तिथल्या एकुलत्या एका स्टुलावर अस्तराची थप्पी होती. परत आले, दारापाशी थांबले, पुन्हा खुर्चीकडे निघाले आणि मध्येच उभे राहिले. बाई बघत होत्या. आता आखतील, मग आखतील. खडू काही जमिनीला टेकेना.

“अहो, आखा ना,” बाई म्हणाल्या. आवाजातला जोर गेला होता. “संध्याकाळी घरी आलात की कुठे बसता?”

“संध्याकाळी तुझी गिऱ्हाइकं असतात,” कंट्रोलर हळूच म्हणाले. “बायका माप द्यायला आलेल्या असतात. मग मी डेपोतच बसतो. बाकावर. त्या गेल्या असतील असा अंदाज घेऊन येतो.”

“आणि मला सांगता, गाड्यांना उशीर झाला म्हणून?”

“काय सांगणार दुसरं?”

“रोज?”

“रोजच.” कंट्रोलरनी खडू या हातातून त्या हातात घेतला. “पण पुढच्या महिन्यापासून तो बाकही नाही ना. मग मी कुठे जाऊ, याचीच काळजी लागून राहिलीय.”

या माणसाच्या डेपोला आपण वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, हे बाईंना आठवलं. जेवण निवलं म्हणून त्रागा केला, तोही आठवला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. “टेलरबाई, आहात ना घरात? कोट तयार झाला का?”

कंट्रोलरनी खडू मशीनवर ठेवला आणि सवयीने चपला पायात सरकवल्या. बाईंनी पुढे होऊन त्यांची बाही घट्ट पकडली. दार अजून वाजत होतं आणि कुणाला काय सांगायचं ते बाईंना सुचत नव्हतं.