चिंचोक्याची खळ आणि तांबडे पट्टे

आधी आक्कांचं सांगतो. त्या नसत्या तर मी सांगलीत टिकलोच नसतो. आमच्या रंगाच्या दुकानाला लागूनच त्यांची खानावळ होती. नात्यातल्या नव्हेत, गावच्याही नव्हेत. सातवीतून शाळा सोडून मी माण तालुक्यातून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाकरी लागली तर माग रं, लाजू नगं." त्या सालात आमच्याकडं दुष्काळ. परत जावं लागलं तर तिकडं करणार काय, हा घोर मला सतत लागलेला.

मालक पाट्या रंगवायचे, आणि प्रदर्शनासाठी लाकडी प्रतिकृतीही करून द्यायचे. तेव्हा एका साखर कारखान्याची प्रतिकृती चालू होती. इमारती रंगवून झाल्या, राहिली चिमणी. हातभर उंच, पांढऱ्यावर तांबडे पट्टे. कड सरळ यावी म्हणून पांढरा भाग झाकायला मालकांनी चिकटपट्टी दिली.

"मालक, पांढरा अजून कच्चा हाय. उद्या लावू."

"तुला इचारलंय का मी?"

लावली. काढताना पट्टीबरोबर पांढरा रंगही सोलून आला. लगेच सगळं माझ्या माथ्यावर. "मेंढरांच्या पाठीवर तांबडं थापणारा हात ह्यो! हितं न्हाई चालायचा. आता एकदा बिघडवलंस तर पिशवी उचल आन् माणात जा."

चूक कुणाची, आणि काढायची कुणाची मेंढरं! आठवलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. बरं, मेंढरावर खूण करणं म्हणजे काय खेळ आहे? जनावर हलत असतं. चिमणी तरी गप उभी होती.

पांढरा पुन्हा दिला आणि या वेळी पुरता वाळू दिला. पण झाकायचं कशानं? तेव्हा घरची खळ आठवली. घोंगडं विणायच्या आधी आई लोकरीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. सुकली की कडक, पाणी लागलं की सुटते. तेलाच्या रंगाला पाण्याची कसली भीती? आक्कांकडं चिंचोके होतेच, चूल आणि एक भगुलंही दिलं त्यांनी. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, खळ फासून चिमणीला गुंडाळल्या आणि ताणा वाळवतात तशी चिमणी उन्हात ठेवली.

तिथंच फसलो. घरच्या सवयीनं खळ जाड लावलेली. उन्हात कागद आकसला, कडा उचलल्या. आक्कांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"चिमणीला घोंगडं विणतुयास व्हय रं?"

"आक्का, आवं हसताय काय! मला घालवतील हितनं."

"मग पातळ कर की गड्या. पेजंवानी."

नशीब, तांबडा अजून दिला नव्हता. कागद भिजवून काढले, खळ पातळ केली, नव्या पट्ट्या डकवून सावलीत वाळवल्या, मग तांबडा दिला. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं फिरवलं तसा कागद अलगद सुटला. कड अशी, की ब्लेडनं कापल्यासारखी. पांढऱ्याला ओरखडासुद्धा नाही.

कारखान्याची माणसं बघायला आली. मालकांनी मला मागच्या खोलीत पिटाळलं. एकानं विचारलं, "पट्टे लय झ्याक आलेत. कसं केलंत?"

"मुंबईस्नं खास पट्टी मागवलीया. हितल्या पोरांना जमायचं काम न्हाई ते."

मी आत उभा राहून हे ऐकत होतो. आक्का आपलं भगुलं न्यायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "व्हय व्हय. ह्याच भगुल्यात शिजली ती मुंबईची पट्टी. शिजवणारा आत हाय, माणचा. बोलवा की त्याला!"

पाहुणे हसायला लागले. मला बाहेर बोलावलं, खळ कशी करतात ते विचारलं, आणि प्रतिकृती पोचवायला ह्याच पोराला पाठवा म्हणाले. मग मालक मला कसले घालवतात? पण दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या सगळ्यांची जेवणं त्यांनी आक्कांकडून बंद करून दुसरीकडं लावली. खरं बोलल्याची शिक्षा त्या बाईला! आक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुकानाची चार ताटं गेली, तरी मला मागच्या दारानं भाकरी द्यायच्या.

आता मी सांगलीहूनही लांब आहे. काम आहे, पण उद्याचा भरवसा अजून नाही. आक्का, स्वतःचं दुकान झालं की पहिल्यांदा तुम्हाला न्यायला येणार. तुम्ही पाटावर बसायचं आणि वाढायचं मी. फेडीन आक्का, हे मी फेडीनच.